वडील जहाजावर आहेत, मुलाला जर्मनीला न्यायचंय. संमतीपत्रावर सही कशी मिळवायची?

मोठीताई_रत्नागिरी

नमस्कार. जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळायची नाही.

माझी धाकटी बहीण श्टुटगार्टला असते. तिला नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. पहिलंच बाळंतपण. आमची आई दोन वर्षांपूर्वी गेली, आणि तिच्या सासूबाईंचं नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यामुळे बाळंतपणाला जायचं ते मीच, हे तिला पाचवा लागला तेव्हाच ठरलं. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत. त्याला इतके दिवस ज्याच्याकडे ठेवावं असं घरात कोणी नाही, आणि खरं सांगायचं तर मला ठेवायचंही नाही. मुख्याध्यापिकांना भेटले. दिवाळीची सुट्टी धरून पाच आठवड्यांची परवानगी त्यांनी दिली.

मिस्टर बल्क कॅरिअरवर सेकंड इंजिनिअर आहेत. मे महिन्यात साइन ऑन केलं, डिसेंबरशिवाय उतरणार नाहीत. सध्या ब्राझीलमधून लोखंडाची माती भरून चीनकडे निघालेत.

मागच्या आठवड्यात मुलाला घेऊन रात्रीच्या कोकणकन्येनं मुंबई गाठली. व्हिसा केंद्रावर माझी फाइल घेतली, त्याची परत दिली. मुलाच्या फॉर्मवर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात, आणि वडील बरोबर येणार नसतील तर त्यांचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं. मागच्या वर्षी त्याचा पासपोर्ट नवा केला तेव्हा ॲनेक्शर डी वर आम्ही दोघांनी सह्या केल्या होत्या. त्याची झेरॉक्स मी बरोबर नेली होती, मला वाटलं संमती म्हणजे तीच. काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे समजावलं की ती संमती पासपोर्ट देण्यापुरती, या प्रवासाची नाही.

परत आल्यावर इथल्या एका एजंटकडे गेले. तो म्हणाला, "वहिनी, सही तुम्हीच मारा, शिक्का मी आणून देतो, दीड हजार होतील." वर म्हणाला, सगळे असंच करतात.

त्या रात्री मुलगा झोपल्यावर मी कोरा कागद घेऊन बसले होते. अकरा वर्षांच्या संसारात त्यांची सही मी इतक्या वेळा पाहिली आहे की शेवटचा खाली ओढलेला फाटासुद्धा मला जमतो. एकदा काढूनही पाहिली. मग तो कागद फाडून चुलीत टाकला. ज्या कागदावर 'मी या मुलाचा बाप, माझी याला संमती आहे' असं लिहिलंय, त्यावर त्यांच्याऐवजी मी सही करायची हे मनाला पटेना. दुसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा त्यांना सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इथं बसून मला माझ्याच मुलाला परवानगी देता येत नाही?"

हेच विचारायचंय. समुद्रात असलेल्या माणसाची खरी सही कागदावर कशी आणायची? आणि मी आई आहे, तर माझी एकटीची सही कायद्यानं का पुरत नाही? कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

---

नोटरीकाका_चिपळूण

ताई, तो कागद तुम्ही फाडलात ते उत्तम केलंत. मी वकील आहे, नोटरीचं कामही करतो. सही करणारा माणूस समोर उभा असल्याशिवाय त्याच्या सहीवर नोटरीनं शिक्का मारायचा नसतो. तुमच्या मिस्टरांचा पासपोर्ट इमिग्रेशनला दाखवेल की त्या तारखेला ते भारतात नव्हतेच. म्हणजे तो कागद स्वतःच स्वतःला खोटा ठरवणार. शिवाय शेंगेन, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा नाकारला गेला तर ती नोंद त्यांच्या व्हिसा प्रणालीत पाच वर्षं राहते. आठ वर्षांच्या पोराच्या नावावर ती कशाला हवी?

आता तुमचा दुसरा प्रश्न. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून 'पिता आणि त्याच्यानंतर माता' असे शब्द आहेत. १९९९ साली गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की 'त्याच्यानंतर' म्हणजे तो वारल्यावरच असं नाही. तो हजर नसेल, मुलाकडे पाहत नसेल, तेव्हाही आई नैसर्गिक पालक असते. भारतात शाळा, बँक, दवाखाना इथं हा निकाल तुमच्या पाठीशी आहे. पण व्हिसा देणारा देश त्याच्या नियमानं चालतो. त्यांना हवं ते एवढंच: मुलावर हक्क असलेल्या दुसऱ्या माणसाला हा प्रवास माहीत आहे का, मान्य आहे का. तुमच्यावर अविश्वास दाखवायला कोणी बसलेलं नाही, हे मनातून काढून टाका.

मार्ग दोन. पहिला, परदेशातल्या भारतीय वकिलातीत जाऊन मिस्टरांनी सही करायची. तिथल्या अधिकाऱ्यासमोर केलेलं शपथपत्र १९४८ च्या कायद्यानुसार इथल्या नोटरीसमोर केल्यासारखंच धरलं जातं. अडचण इतकीच की बंदरात उतरून वकिलात गाठायला जमलं पाहिजे. दुसरा, तुमचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र: नवरा अमुक जहाजावर अमुक तारखेपासून आहे, अमुक महिन्यापर्यंत उतरणार नाही, म्हणून त्याची सही नोटरीसमोर होऊ शकत नाही, सोबत त्याचं सहीचं पत्र जोडलं आहे. यातलं प्रत्येक वाक्य खरं असल्यामुळे त्यावर कुठलाही नोटरी शिक्का देईल. मुद्रांक पाचशेचा लागेल, ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा पाचशे झालाय.

हे पत्र मान्य करायचं की नाही हे व्हिसा देणाऱ्यांच्या हातात आहे. म्हणून आधी त्यांना ई-मेल करून विचारा आणि आलेलं उत्तर छापून फाइलला लावा.

---

बावीस_वर्षं_जहाजावर

वहिनी, मी दापोलीचा. मोटरमन होतो, आता निवृत्त. तुमच्या मिस्टरांचं वाक्य वाचून जीव कळवळला. मुलगी पडून हात मोडला तेव्हा मी अटलांटिकमध्ये होतो, ऑपरेशनच्या फॉर्मवर माझ्या भावानं सही केली. ते अजून आठवतं.

तुमचं काम होईल. ब्राझीलहून चीनला जाणारी पुष्कळ जहाजं वाटेत सिंगापूरला तेल घ्यायला नांगर टाकतात आणि तिथंच बरेचदा क्रू चेंजही होतो. मिस्टरांना सांगा, कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला विचारा की सिंगापूरला कोण साइन ऑफ होतोय. कोणीतरी असतोच. त्याच्याच हातात मूळ कागद द्यायचा. आम्ही वर्षानुवर्षं असंच करत आलो. बँकेचे कागद, जमिनीचे कागद, सगळं उतरणाऱ्या माणसाबरोबर घरी यायचं. मिस्टर स्वतः सिंगापूरला उतरून वकिलातीत जातील या आशेवर राहू नका. नांगरावर जहाज काही तासच असतं, आणि इंजिनिअर माणूस तेल भरणं चालू असताना इंजिनरूम सोडून जाऊ शकत नाही.

कागद तुम्ही इथून ई-मेलनं पाठवा. ते प्रिंट काढतील, निळ्या शाईनं सही करतील. तिथंच साक्षीदार म्हणून कॅप्टनची सही आणि जहाजाचा शिक्का घ्यायचा. कॅप्टन नोटरी नाही हे खरं, पण सही कुठं आणि कोणासमोर झाली ते तरी कागद बोलतो. मुलाच्या व्हिसाचा फॉर्मही त्याच पाकिटात, त्यावरही सही. प्रत्येक कागदाच्या दोन-दोन मूळ प्रती, एक हरवली तर दुसरी. सीडीसीचं, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तिकेचं, पहिलं पान आणि साइन ऑनची नोंद असलेलं पान, दोन्हींच्या प्रती. ऑफिसकडून लेटरहेडवर पत्र घ्या: नाव, हुद्दा, जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर (जहाजाचा ओळख क्रमांक), कधी चढले, कधी उतरणार. हे पत्र कंपन्या नेहमी देतात, लाजू नका मागायला.

आणि आणणाऱ्याला बजावा, पाकीट हातातल्या पिशवीत ठेव, बॅगेत टाकू नकोस. सिंगापूरला माझी बॅग एकदा दोन दिवस मागे राहिली होती.

माझ्या बायकोनं २०१७ मध्ये रॉटरडॅमला यायचं ठरवलं तेव्हा मुलीसाठी आम्ही हेच केलं आणि व्हिसा मिळाला. पुढच्या वेळी मात्र मिस्टर घरी असतानाच, जहाजावर चढायच्या आधी, एक संमतीपत्र नोटरीसमोर करून ठेवा. नंतर मी प्रत्येक वेळी बॅग भरायच्या दिवशी ते करायचो. बायको बुटांना पॉलिश करायची आणि मी कोर्टाच्या आवारात रांगेत.

---

श्टुटगार्टजवळची

ताई, मी तुमच्या बहिणीच्या गावापासून अर्ध्या तासावर राहते. मला निरोप पाठवा, बाळंतपणात काही लागलं तर मी आहे.

दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत. पहिली, आडनाव. तुमचा पासपोर्ट लग्नाआधीच्या नावाचा आहे का? माझा आहे. मुलाच्या नावात मधलं नाव त्याच्या बाबांचं, आडनाव त्यांचं, माझं नाव कुठंच नाही. आपल्याकडे यात कोणाला काही वाटत नाही, पण इथला अधिकारी दोन पासपोर्ट शेजारी ठेवतो आणि त्याला दोन अनोळखी माणसं दिसतात. फ्रँकफर्टला मला थांबवून विचारलं होतं. अधिकारी वाकून मुलाशी बोलला, ही कोण? तो तेव्हा चार वर्षांचा, दिवसभराच्या प्रवासानं पेंगुळलेला, उत्तरच देईना. नुसता माझ्या ओढणीत तोंड खुपसून उभा. जन्मदाखला हँडबॅगेत होता म्हणून पाच मिनिटांत सुटलो. तेव्हा इंग्रजी असलेला जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला हाताशी ठेवा. जन्मदाखला जुना, हातानं मराठीत लिहिलेला असेल तर नगरपरिषदेतून मराठी-इंग्रजी दोन्ही असलेला नवा काढून घ्या, आणि त्यावर तुमच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहे ना ते खिडकीवरच तपासा.

दुसरी, संमतीपत्रात औषधोपचाराचं वाक्य घाला. मूल आजारी पडलं किंवा कुठं लागलं तर आईनं किंवा मावशीनं उपचारांचा निर्णय घ्यावा, असं वडिलांनी लिहून द्यायचं. तुम्ही स्वतः बहिणीबरोबर प्रसूतिगृहात असाल आणि मुलाला काही झालं, तर त्याच्याजवळ मावशीचा नवराच असेल. त्याचंही नाव घाला.

बहिणीनं परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून तुमच्या खर्चाचं हमीपत्र काढलं असेलच, त्याचे २९ युरो पडतात. त्यात मुलाचं नाव आलंय का ते एकदा बघा. मुलाच्या व्हिसाची फी ४५ युरो, सहा ते बारा वयाला निम्मी असते. बोटांचे ठसे बाराच्या आतल्यांचे घेत नाहीत, तेव्हा पुन्हा जाल तेव्हा त्याला न नेता चालेल का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. पोराची एक रात्रीची गाडी वाचेल.

---

आई_न्यूजर्सी

माझी गोष्ट वेगळी आहे, तरी लिहिते.

माझा घटस्फोट झालाय. मुलगी दहा वर्षांची, अमेरिकन नागरिक. इथं सोळा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट काढायला आई-वडील दोघांनी जावं लागतं, किंवा न येणाऱ्यानं डीएस-३०५३ हा फॉर्म नोटरीसमोर भरून द्यावा लागतो. दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. आणि दर उन्हाळ्यात तिला पुण्याला आजी-आजोबांकडे न्यायचं तर तिच्या वडिलांचं पत्र.

सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. नऊ महिने मी वाढवलं, रात्री मी जागले, आणि पत्र त्यांचं. मग माझ्या वकिलांनी समजावलं. एका पालकानं मूल परदेशात नेऊन परत आणलं नाही तर काय, यासाठी १९८० चा हेग करार आहे. त्यात अमेरिका आहे, जर्मनीही आहे, भारत नाही. आपल्या विधी आयोगानं २००९ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये त्यावर अहवाल दिले, तरी भारत अजून बाहेरच आहे. म्हणून मूल भारतात जाणार म्हटलं की इथले न्यायाधीश जास्त चौकशी करतात. माझ्या ओळखीत एक बाबा आहेत, त्यांची मुलं तीन वर्षांपूर्वी तिकडे गेली ती आलीच नाहीत. त्यांच्या घरी दोन छोटी दप्तरं अजून खुंटीला आहेत. ती पाहिली त्या दिवसापासून ते पत्र मागताना मला अपमान वाटलेला नाही.

तुमच्याकडे असा प्रश्नच नाही, तुमचे मिस्टर स्वतः द्यायला तयार आहेत. पण पत्र लिहाल तेव्हा परतीची तारीख आणि तिकीट स्पष्ट लिहा. 'सुमारे पाच आठवडे' असं नको. कोणाकडे राहणार, पत्ता, फोन, खर्च कोण करणार, सगळं. अधिकारी आधी तारखांवरच बोट ठेवतो.

---

मोठीताई_रत्नागिरी

तुम्ही सगळ्यांनी एवढं वेळ काढून लिहिलंत, काय बोलू. नोटरीकाका, ई-मेल केला होता, तीन दिवसांनी उत्तर आलं. वडिलांची मूळ सही असलेलं पत्र, कॅप्टनची सही-शिक्का, कंपनीचं पत्र आणि माझं प्रतिज्ञापत्र जोडा, फाइल पाहून निर्णय घेऊ, असं लिहिलंय. हो म्हणालेले नाहीत, पण नाहीही म्हणालेले नाहीत. त्याच मेलमध्ये मुलाला पुन्हा आणायची गरज नाही असंही कळलं.

जहाजावरच्या भाऊंनी सांगितलं तसं मिस्टरांनी चौकशी केली. सिंगापूरला दोघं उतरतायत, त्यातला एक फिटर खेडचा आहे! पत्राचा मसुदा पाठवला आहे. काल फोनवर मिस्टरांनी तो मला वाचून दाखवला, आणि 'परतीची तारीख' म्हणताना थांबले. म्हणाले, तुम्ही परत याल तेव्हा मी अजून इथंच असेन.

माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचाच आहे. नगरपरिषदेत जाऊन आले. जुन्या दाखल्यावर माझ्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त होता, दुरुस्तीचा अर्ज दिला आहे.

---

मोठीताई_रत्नागिरी

कळवायचं राहिलं होतं, पुढं कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिते.

खेडचे ते गृहस्थ मांडवी एक्स्प्रेसनं आले. खेडला न उतरता आधी रत्नागिरीला आले, पाकीट देऊन मगच घरी परत गेले. चार महिन्यांनी घरी निघालेला माणूस, स्वतःचं स्टेशन मागे टाकून आला. चहा घ्या म्हटलं तर फलाटावरच अर्धा कप घेतला. पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर चिकटपट्टी. आत दोन पत्रं, दोन फॉर्म, कॅप्टनचा निळा गोल शिक्का, आणि एका प्रतीच्या कोपऱ्यावर इंजिनतेलाचा अंगठ्याएवढा डाग. डाग नसलेली प्रत फाइलला लावली.

केंद्रावर सगळे कागद घेतले. एक कागद जास्तीचा मागितला: मिस्टरांच्या पासपोर्टचं सहीचं पान, म्हणजे पत्रावरची सही जुळवता यावी. माझ्याकडे प्रत होती. सहीचा तो खालचा फाटा दोन्हीकडे अगदी तसाच होता.

दोघांचाही व्हिसा बाराव्या दिवशी मिळाला. विमान २३ ऑक्टोबरचं आहे. श्टुटगार्टजवळच्या ताई, तुमचा नंबर बहिणीला दिला आहे, तिचा फोन येईल. अळीव आणि डिंक तुमच्यासाठीही बांधू का, ते कळवा.

डाग असलेली प्रत मुलानं मागून घेतली. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवली आहे.